चहा न सांडणारी गाडी

दलदलीपलीकडच्या लुगोवोत डॉक्टर यावा, म्हणून येफीम अकरा वर्षं रस्ता मागत होता. अखेर पाहणीसाठी साहेब आले आणि त्यांची जीप पहिल्याच चिखलात रुतली. मग येफीमने त्यांना आपण घरी बनवलेल्या गाडीत बसवलं. ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबांची चाकं, पाण्याच्या पंपाचं इंजिन आणि साहेबांना स्वयंपाकघरातली खुर्ची.

"हा चहा धरा हातात, साहेब. एक थेंब जरी सांडला, तर मिशी उतरवीन!"

मागे बसलेली त्याची बायको आक्सिन्या कुजबुजली, "अहो, आवरा! आपल्याला रस्ता मागायचाय, गाडी विकायची नाहीये."

महिन्याभराने साहेबांचा अहवाल आला.



"गावापर्यंत चहा सांडला नाही. रस्त्याची गरज दिसत नाही."