दार उघडलं की

चौकशीची माणसं पोचायच्या आत इंजिनिअरने मशीनच्या दारामागे हात घातला. सेन्सरच्या तोंडाशी कुणीतरी काळ्या टेपने लोहचुंबक बांधून ठेवलं होतं. त्यामुळे दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटत होतं. टेप एका ओढीत निघाली. त्याने ती चुंबकासकट खिशात टाकली.

आत अडकलेला पत्रा काढायला वाकलेला त्याचा मेहुणा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला होता.

मशीनचा प्रोग्राम इंजिनिअरनेच लिहिलेला. दार उघडलं की मशीन थांबलं पाहिजे, हा त्यातला पहिला नियम. मेहुणा त्यावरून थट्टा करायचा, "दाजी, ताईलाही असलं एक सेन्सर बसवा. तुम्ही दार उघडलंत की गप्प."

"आधी तुझ्या तोंडाला बसवते," बायको म्हणायची.

पाहुणे पांगल्यावर सासऱ्यांनी त्याला ओसरीवर बोलावलं. ते त्याच मशीनवरचे जुने फिटर. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी पोरगा लागला.

"जावईबापू, लोक म्हणतात, पोरानं घाईपायी चुंबक लावलं असणार. दार माझ्या वेळेपासून वाकडंच होतं, सारखं मशीन बंद पडायचं. पण म्हणून काय झालं? मला हल्ली कालचं आठवत नाही, पण त्याला काय शिकवलं ते आठवतं. मशीनला फसवू नकोस म्हणून सांगितलं होतं मी. त्यानं माझं ऐकलं नाही का?"

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली.

"चुंबक नव्हतं, अण्णा," इंजिनिअर म्हणाला. "चूक माझी. परवा प्रोग्राम बदलला, त्यात दाराचा नियम माझ्याकडून पुसला गेला. कंपनीलाही तेच सांगून आलोय."

सासऱ्यांनी खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. "म्हणजे त्यानं ऐकलं होतं," ते म्हणाले.

बायकोने तांब्या खाली ठेवला. "माझ्यादेखत सांगितलं होतंत त्याला. बिनधास्त हात घाल, दार उघडलं की थांबतंच."

"हो."

"मग आता इथं थांबू नका."

तिनेच त्याची बॅग भरली. उचलताना बॅगेचा पट्टा तुटला. सासऱ्यांनी ती स्वतःकडे ओढली आणि फळीवरची टेप काढून पट्ट्याला वेढे दिले. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वायरला असेच वेढे होते. शेवटी टेपचं टोक त्यांनी आत दुमडलं आणि अंगठ्याने दाबलं.

"वाटेत तुटायला नको," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आणि असं दुमडून ठेवलं की सोडवणाऱ्याला नखानं उकरत बसावं लागत नाही."

तो पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले. बायको दारापर्यंत आली नाही.

कोपऱ्यावर वळल्यावर त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली. मोकळा हात आपोआप खिशात गेला. चुंबक तिथंच होतं. अपघाताच्या दिवशी मशीनवरून काढताना बोटांना लागलं होतं तसंच, त्यावरच्या वाळलेल्या टेपचं टोक आत नीट दुमडलेलं होतं.