घुमणारी खोली

"वाजव परत," सुभेदार लालासाहेब म्हणाले.

बादशहानं खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. भिंतीवर आपटून ती जराशी लांबली आणि विझली.

"घुमतीया अजून. सोडलेला आवाज परत अंगावर येतोय."

"सुभेदार, टाळीनं किती कळणार? एखादं गाणं लावा की."

"गाणं तीन वाजता."

फौज सोडून जमाना झाला तरी या घरात चहापासून झोपेपर्यंत सगळ्याला वेळ ठरलेली होती. बादशहानं मान हलवली आणि पुढची चौकट उचलली.

बादशहाचं तासगावात सोफे-गाद्यांचं दुकान. आवाजाचं हे काम त्याला शिकवलं शंभूराजनं, सुभेदारांच्या एकुलत्या एक पोरानं. पोराला गाण्यांचं वेड. पगारातनं एकेक वस्तू जोडत त्यानं विश्रामबागेतल्या आपल्या खोलीत स्टीरिओ उभा केला होता. स्पीकर असे, की त्याची आई चंद्राबाई म्हणायच्या, "सून आणायची तर तिला ठेवायची कुठं?" एक दिवस तो दुकानात आला आणि मोबाइलवर चित्रं दाखवत म्हणाला, "भाई, उघडी भिंत आवाज परत फेकते. तिच्यावर अशा गाद्या टांगायच्या." लाकडी चौकट, आत लोकरीसारखं जाड भरण, वर कापड. कापड मात्र असं पाहिजे, की आवाज त्यातनं आत शिरला पाहिजे. बादशहानं बेदाण्याच्या शेडवरची हिरवी जाळी काढून तोंडासमोर धरली आणि फुंकर मारली. शंभूराज उडालाच. "लय भारी, भाई!"

दोन गाद्या झाल्या. तिसरीचं माप द्यायला तो निघाला होता. तासगाव रस्त्यावर अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागं लाल दिवा नव्हता.

स्मशानात सुभेदार ताठ उभे होते. पावण्यांना पाणी मिळालं का, एवढंच विचारत होते. लोक म्हणाले, फौजी काळीज हाय. पुढं कितीतरी महिन्यांनी त्यांनी बादशहाला बोलावलं. "शंभूचं काम अर्धं ऱ्हायलंय. पुरं करायचं." ते ऐकून डोळे पुसले ते बादशहानंच.

तेव्हापासून ही त्याची तिसरी खेप. जाळीच्या गाद्या झाल्या. कोपऱ्यात जाडा आवाज साचतो म्हणून तिथं लोडासारखे गुंडाळे उभे केले. छताला लावून झालं, दाराच्या आतल्या अंगाला झालं. तरी सुभेदारांचं एकच, घुमतीया.

आज सकाळी छताला भोक पाडतानाच लाइट गेली आणि ड्रिल हातातच मेलं. लाइट येईपर्यंत दोघं चहा पीत बसले.

"इन्व्हर्टर घ्या की, सुभेदार."

"शंभू घेणार हुता," ते म्हणाले आणि कप खाली ठेवून उठले.

कामाचं बादशहाला काही वाटत नव्हतं. त्याला खुपत होत्या चंद्राबाई.

रोज तीनला सुभेदार त्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे, आणि दार लागलं रे लागलं की स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हायचा. शेंगदाण्याची चटणी. रोज. घरात खाणारी माणसं दोन, आणि बरण्या फळीवर मावेनात. शेजारपाजार झाला, दूधवाला झाला, घंटागाडीवाला झाला. मागच्या खेपेला बादशहाच्याही पिशवीत दोन डबे आले होते.

"वैनी, आवं सुभेदार पोराची गाणी ऐकत्यात. तेवढा येळ थांबवा की मिक्सर," तो तेव्हा म्हणाला होता.

"मग चटणी कोण करणार? तुमी?" चंद्राबाईंनी वरही बघितलं नव्हतं.

बादशहा डबे घेऊन निघाला होता. पण मनात राग धरून होता. पोटच्या पोराची गाणी ज्या बाईला सोसत नाहीत, तिला काय म्हणायचं?

दुपारी शेवटचा खिळा ठोकून झाला. बादशहानं टाळी वाजवली. टाळी जिथल्या तिथं मेली.

"आता कसं?"

"ब्येस," लालासाहेब म्हणाले. मग जरा थांबून, "आतला आवाज भाईर जातो का रं?"

"जाणार की. ही सगळी खटपट आतल्या गोडव्यासाठी. भाईर जायचा थांबवायचा तर भिंतीच जाड कराव्या लागतील."

सुभेदारांचा चेहरा उतरला. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "अगं, तुला हितं काय ऐकू येतंय का? मी आत असताना?"

"मिक्सर सुरू असतोय," चंद्राबाई फटकन म्हणाल्या. "मला कुठलं ऐकू येतंय!"

बादशहाला ते वर्मी लागलं. सुभेदार मात्र मान हलवून निमूट मागं फिरले. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, आत गेले, दार लागलं.

मिक्सर घरघरला.

बादशहानं हत्यारं पिशवीत भरली, चपलेत पाय घातला, परत काढला. आज बोलायचंच. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. भांड्यातल्या दाण्यांचं कधीच पीठ झालं होतं, त्याला तेल सुटलं होतं, तरी चंद्राबाईंचा हात झाकणावरून निघत नव्हता.

"वैनी," त्याला ओरडावंच लागलं, "रागवा, पर सांगतो. त्या माणसाकडं आता दुसरं काय उरलंय? एक दिवस तरी सुखानं ऐकू द्या त्याला पोराचं गाणं!"

चंद्राबाईंनी त्याच्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होत्या.

तेवढ्यात लाइट गेली. मिक्सर बसला. डोक्यावरचा पंखा दोन फेरे मारून थांबला. कोपऱ्यातला फ्रीज मुका झाला. सगळं घर एकदम शांत.

बंद दारामागून आवाज येतच राहिला. गाणं नव्हतं ते; जाडा, तुटक, मधेच दम घेणारा माणसाचा आवाज.

चंद्राबाईंनी ओट्याखालचा लोखंडी खलबत्ता पुढं ओढला, आणि त्यात काही न घालताच जोरजोरात कुटायला लागल्या.