मलम

दुर्गाबाईंच्या पायाची फुगलेली शीर डॉक्टरांनी आतून चिकटवून बंद केली, अन् आठ दिवसांतच त्या शिरेवरची कातडी लालभडक होऊन खाजायला लागली. सून सरिता त्यांना रिसोडहून पुन्हा वाशिमच्या दवाखान्यात घेऊन आली.

"हे त्या चिकटवायच्या औषधानं झालंय. गोळ्यांनी उतरेल, फक्त खाजवू नका," डॉक्टर म्हणाले. "आजी, याआधी कशानं असं झालं होतं? चिकटपट्टीनं, टिकलीनं?"

शीर बंद करायच्या आधीही त्यांनी हेच विचारलं होतं. तेव्हा "ह्या कुठं टिकली लावतात आता?" असं सरितानंच परस्पर सांगून टाकलं होतं.

आज दुर्गाबाईंचा हात आपसूक कपाळाकडे गेला.

"टिकलीनं होये ना. आमचे हे शिरपूरच्या बाजारातून हौसेनं पाकिटं आनत. कपाळ सोलून निघे, पन त्याईले कसं सांगू?"

लिहिता लिहिता डॉक्टरांनी मान वर केली. "मग ते बरं कशानं झालं? कोणतं मलम लावलं होतं?"



"मलम कायचं साहेब… हे गेले, अन् महिन्याभरात कपाळ साफ बरं झालं."