दाखला मागाहून जोडावा

‘हा चौक जनतेचा आहे आणि अखेरपर्यंत जनतेचाच राहील.’ महापौरांचं हे वाक्य नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर संगमरवरात कोरून बसवलं होतं. त्याच्या बरोबर खाली, काचेच्या चौकटीत, त्याच चौकाचं दरपत्रक होतं. भाडं चौरस मीटरवर, दर दिवसाला. जनतेनं खुर्ची मांडली, तर खुर्चीचं वेगळं.

दरपत्रकाखाली खिडकी होती आणि खिडकीमागे लेओन्तिनाबाई. शुल्कमाफीचे अर्ज त्यांच्याकडे यायचे. सव्वीस वर्षांत अनाथांसाठीचे जलसे, भटक्या कुत्र्यांसाठीच्या शर्यती, पूरग्रस्तांसाठीचे नाच, सगळं त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे कागदावर पाहिलं होतं. चौकात त्या कधी थांबत नसत. त्यांची बस मागच्या रस्त्यावरून सुटायची. घरी वाट बघणारंही कुणी नव्हतं, पण बस चुकवायची सवय नव्हती.

मंगळवारी पाम्फिलकाका चौथ्यांदा आले. ऐंशी उलटलेले, टोपी हातात. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबतात, हे बाईंना आता नुसत्या आवाजावरून कळायचं.

काकांना शनिवारी चौकात स्मरणाचं जेवण घालायचं होतं. गेलेल्याच्या नावानं येईल त्याला जेवण, आणि घरी न्यायला एक मातीचा मग आणि एक मेणबत्ती. स्वतःची जागा दोन खोल्यांची, चौथ्या मजल्यावर. चर्चच्या दालनाचं छप्पर दुरुस्तीला उतरवलेलं. पेन्शनमध्ये एक तर चाळीस माणसांचं जेवण बसत होतं, नाहीतर चौकाचं भाडं. दोन्ही बसत नव्हतं.

“दाखला आणलात?” बाईंनी विचारलं.

“नाही अजून.”

फुकट जेवण म्हणजे धर्मादाय, आणि धर्मादायाला शुल्क माफ. पण मृत्यूचा दाखला हवा. हा नियम आला तो एका खानावळवाल्यामुळे. त्याची एकच आत्या एकाच उन्हाळ्यात चार वेळा वारली होती, आणि चारही वेळा चौकात त्याच्या बिअरच्या छत्र्या लागल्या होत्या.

“काका, एका कागदाला दिवस तरी किती लागतात?”

“डॉक्टर म्हणतात, नाताळच्या आत मिळेल.”

“आत्ता सप्टेंबर चाललाय.”

“मीही तेच म्हटलं त्यांना. नक्की काही सांगत नाहीत.”

अशा डॉक्टराची वरपर्यंत तक्रार करा, असं बाईंनी सुचवलं. काकांनी मान हलवली. म्हणाले, जाऊ द्या, पोरगेलासा डॉक्टर आहे, चांगल्या मनानंच लांबवतोय बिचारा.

मग जेवणच नाताळनंतर ठेवा, असं बाईंनी सांगितलं आणि अर्ज परत सरकवला. काकांनी तो उचलला नाही.

“नंतर कोण करणार, बाई? त्याला माझ्याशिवाय कुणी नाही.”

बाईंचा हात अर्जावरच राहिला. त्यांना काही वाटलं असं नाही. वाटणं त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं होतं, धूम्रपानासारखं. पण हात राहिला खरा. थोड्या वेळानं त्यांनी अर्ज पुन्हा आपल्याकडे ओढला.

“नातं?”

“जवळचं. जन्मापासून बरोबर आहोत.”

बाईंनी ‘भाऊ’ असं लिहिलं. काकांनी ते उलट्या बाजूनं वाचलं आणि तसंच राहू दिलं.

“माणसं चाळीस, मग खुर्च्या एक्केचाळीस कशा?”

“एक त्याची.”

मृताची खुर्ची मोजायची की नाही, याबद्दल नियम गप्प होते. बाईंनी मोजली. पुढे रकाना नसलेला प्रश्न त्यांनी का विचारला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माणूस कसा होता, एवढंच त्यांनी विचारलं.

“हट्टी,” काका म्हणाले. “शहाणपण बेताचं. पण कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळलेले सारमाले समोर ठेवलेत, की एकदम गरीब गाय.”

नियमावलीत चौदावं कलम होतं. अपवादात्मक परिस्थितीत दाखला नव्वद दिवसांच्या आत मागाहून जोडावा. सव्वीस वर्षांत बाईंनी ते कधी वापरलं नव्हतं, कारण चौदाव्या कलमापर्यंत कुणी वाचतच आलं नव्हतं. त्यांनी तळाच्या खणातून शिक्का काढला. शाई वाळली होती. त्यांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली. ‘मृताचं नाव’ या रकान्यात, दाखला नसला की लिहितात तसं, ‘दाखल्याप्रमाणे’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. शुल्क माफ.

“नव्वद दिवस पुरतील?”

“डॉक्टरांच्या हिशेबानं पुरतील.”

दाखला टपालानं पाठवू नका, टपाल गहाळ होतं, असं बाईंनी बजावलं. खाली तळमजल्यावर तीन नंबरच्या खिडकीत तो मिळतो. मिळाला की स्वतः वर आणून द्या. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. शनिवारी तुम्हीही या, म्हणाले, तुमच्यासाठी एक मग बाजूला काढून ठेवतो. बाई म्हणाल्या, माझी बस मागच्या रस्त्यावरून सुटते.

काका गेले. पावलं जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबली. बाईंनी पुढचा अर्ज उघडला. पावलं मात्र खाली गेली नाहीत. सावकाश वर आली, आणि खिडकीत पुन्हा टोपी दिसली.

“एक बारीकशी विनंती राहिली, बाई. तो दाखला निघेल तेव्हा मला काही येता यायचं नाही. तुमचं खाली जाणंयेणं असतंच. तेवढा माझा दाखला तुम्हीच वर आणून लावाल का?”