तयार उत्तर

नेलिदाने येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या कडवट पानांच्या, चहासाठी ठेवलेल्या किटलीखालचा गॅस बंद केला तोच पडद्यावर वॉशिंग्टनचा रोजचा संदेश उमटला: "पाणी उकळू देऊ नकोस हं, येर्बा जळते."

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. तो राजधानीत, मोन्तेविदेओच्या कचेरीत, हिशेब विभागात. ती दूर उत्तरेला साल्तोत, घरूनच काम करणारी. आई गेल्यापासून तिला "जेवलीस का" म्हणून विचारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. हा माणूस रोज विचारायचा.

कंपनीने आपल्या गप्पांच्या ॲपमध्ये नवी सोय घातली होती. काय लिहायचं ते यंत्रच खाली तयार ठेवायचं. बोट लावलं की गेलं. विकायच्या आधी ती कचेरीतल्याच अर्ध्या लोकांना देऊन बघत होते. माणसं त्याने खरंच जवळ येतात का, हे मोजायचं काम नेलिदाचं. अ आणि ब गटांपैकी यंत्रवाला कुठला, कोण कुठल्या गटात, हे मात्र मोजणाऱ्याला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, असा रिवाज. तिच्या स्वतःच्या ॲपवर यंत्र होतं, पण ती कुठल्याच गटात धरलेली नव्हती.

एकदा भलत्याच कोणीतरी चहाचा विषय काढला आणि यंत्राने तिच्यापुढे मजकूर ठेवला: "पाणी उकळू देऊ नकोस हं, येर्बा जळते."

वॉशिंग्टनही यंत्राचीच तयार वाक्यं पाठवत होता तर. म्हणजे इतके महिने ही बया यंत्राशी गुजगोष्टी करत होती. आधी रडू आलं, मग राग. त्यानंतर तिनेही वॉशिंग्टनला स्वतःचा एक शब्द लिहिला नाही. येईल त्या तयार उत्तरावर बोट. फिट्टंफाट.

"रविवारी साल्तोला येतोय," एक दिवस त्याने लिहिलं. "तुमच्याकडची संत्री आणायचं निमित्त. दुपारी बस स्टँडवर येशील? टोपी घालून येईन, टक्कल बघून तू पळायला नकोस."

यंत्राला आता विनोदही जमायला लागले तर, ती मनाशी म्हणाली. खाली उत्तर तयारच होतं: "हो, नक्की! वाट बघते." तिने बोट लावलं.

रविवारी ती घरीच बसली. केलेली येर्बा तशीच गार होऊ दिली. एकदा बूट घालून दारापर्यंत गेली, स्वतःच्याच खुळेपणाला हसली आणि परत फिरली.

सोमवारी त्याचा संदेश आला नाही. मंगळवारी तिने वरिष्ठ माबेलला फोनवर निष्कर्ष सांगितला.

"ब गटातली माणसं एकमेकांची आपणहून विचारपूस करतात. अ गट नुसती उत्तरं देतो. यंत्र ब गटाला दिलं असेल तर ठेवा."

"उलटंच आहे की गं. ब गटाला यंत्र दिलंच नव्हतं. अख्खा हिशेब विभाग त्यात आहे. यंत्र बोलायला शिकलं तेच मुळी त्यांच्या गप्पा वाचून." माबेल खोकली. "इकडे सगळ्यांना सर्दी. तो वॉशिंग्टन तर तापाने आडवा झालाय. एवढ्या थंडीत तुमच्या साल्तोच्या स्टँडवर शेवटची बस सुटेपर्यंत बसून होता म्हणे. कोणाची वाट बघत होतास, विचारलं तर सांगत नाही."