सर्व वारसांनी समक्ष

अणुवीज प्रकल्पाला गल्लीचा विरोध एकमुखी होता. ते एक मुख मास्तरांचं होतं; बाकीच्या घरांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. शेवटच्या घरातल्या काकूंनी मात्र संमतीपत्र भरून दिलं.

गल्लीला धक्का बसला तो काळ्या झेंड्यांमुळे. मोर्चाचे दोनशे झेंडे काकूंनीच शिवले होते, तेही दुहेरी टीप घालून. त्यातलाच एक घेऊन मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"काकू, अहो, तुमच्या हातचा झेंडा हा! आणि संमती तिकडे?"

"उसवलाय का कुठे? द्या, टीप मारून देते."

"चेष्टा नका करू. ते म्हणतात, धोका लाखात एक. लाखात एक म्हणजे काय? आज ना उद्या होणारच!"

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या.

प्रकल्पाची भीती त्यांनाही होती. घर जाणार, हेही कळत होतं. पण घरोघरी आलेली भूसंपादनाची नोटीस त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती, आणि तेवढी चिकाटी गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती. संमती देणाऱ्या घराच्या सर्व वारसांनी सहीसाठी समक्ष हजर राहावे, असं तिथे छापलं होतं. घर काकूंच्या यजमानांच्या नावावर. वारस दोन : काकू आणि परदेशातला मुलगा. तो नऊ वर्षांत आला नव्हता. वडील गेले तेव्हाही नाही. दर रविवारी फोनवर "बघतो, जमवतो" म्हणायचा. लाखात एक, पण होणारच, हे मास्तरांचं गणित काकूंना पुरेपूर पटलं होतं. फक्त त्यांनी ते मुलाला लावलं.

काकूंनी त्याला ती नोटीस पाठवली तेव्हा तो पहिल्यांदाच म्हणाला, "काळजी करू नकोस आई, लगेच करतो."

गल्लीने बोलणं टाकलं. शिवायला कपडे येईनात. रिकाम्या हातांनी काकूंनी मुलाच्या गादीला नवी खोळ शिवली. झेंड्यांचं काळं कापड उरलं होतं, त्याचा त्याच्या खिडकीला पडदा केला. इतक्या लांबून दमून येणार, दुपारची झोप लागायला हवी.

सहीच्या दिवशी काकू कचेरी उघडायच्या आधीच दारात हजर. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर बसल्या, दुसरीवर पिशवी ठेवून जागा धरली.

"मावशी, कोणाची वाट बघताय?" कारकुनाने विचारलं.

"मुलाची. समक्ष लागतो ना?"

"छे हो! त्याचं मुखत्यारपत्र परवाच आलंय कुरियरने. त्याच्या वतीने तुम्हीच सही करायची."

काकूंनी ते पाकीट मागून घेतलं. आत बोटं घालून पाहिलं, मग उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती.

त्यांनी दोन सह्या केल्या. कारकुनाने पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही वारसांच्या नावापुढे लिहिलं : हजर.