दोन बोटं माया

“मशीन चालवायचं नाही. खोकायचं नाही. आणि गिऱ्हाईक आलं तर हातानं खुणावून बाहेर बसवायचं,” मुलीनं बजावलं आणि कापड बेतायच्या टेबलावर रिळांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.

“शिंक आली तर?” शिंपीमास्तरांनी विचारलं.

“बाबा!”

घरात फोनला रेंज नव्हती, ती दुकानात होती. म्हणून परदेशातल्या एका वृद्धाश्रमातल्या नर्सच्या नोकरीची मुलाखत शिंप्याच्या दुकानात चालली होती. मास्तरांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. या मुलाखतीनं काय होणार ते मात्र चांगलं कळत होतं. नोकरी आपल्या ठमीला मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. मिळू नये असंही वाटत होतं, आणि तेही मनापासूनच. अशा वेळी माणसानं हाताला काम द्यावं. बिनआवाजाचं काम म्हणून त्यांनी वकीलसाहेबांची पँट कमरेत उसवायला घेतली.

पडद्यावर चष्मेवाल्या बाई आल्या. रक्तदाब, इन्सुलिन, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, मुलगी सगळ्याची धडाधड उत्तरं देत होती. मग बाई म्हणाल्या, आमची म्हातारी माणसं पुस्तकातलं इंग्रजी बोलत नाहीत. आता रोजच्या वापरातले शब्द विचारते. ‘लेट आउट’. याच अर्थाचे दुसरे शब्द सांग आणि एक वाक्य कर.

“लूझन. रिलीज. वायडन,” मुलगी म्हणाली. सैल करणं, सोडून देणं, एवढं पाठ होतं.

वाक्यही पाठ होतं, पण नेमकं ते पळालं. तिनं छताकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. मग तिची नजर बापाच्या हाताकडे गेली. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका अलगद सुटत होता.

आता या दुकानाची एक खोड होती. इथं कपड्याला मालकाच्या नावानं हाक मारत. ‘डॉक्टरांना इस्त्री झाली का? गुरुजींना आखूड करायचंय. कंपाउंडरची बटणं तुटलीत, त्याला वर टांग.’ मुलीचं सगळं बालपण या बोलण्यात गेलेलं. तिनं हायसं वाटून खणखणीत आवाजात वाक्य ठोकलं, “माय फादर इज लेटिंग आउट द लॉयर!”

बाईंनी चष्मा नीट केला. तुमचे वडील तुरुंगात नोकरीला आहेत का, त्यांनी अगदी अदबीनं विचारलं. वकिलानं लोकांना सोडवावं, तर इथं वकीलच सुटत होता.

मुलगी कानापर्यंत लाल झाली. बोलून उलगडेना, तेव्हा तिनं फोन उचलला आणि सरळ बापाकडे वळवला. मास्तर दचकून उठले. उघड्या शर्टाचं वरचं बटण त्यांनी घाईघाईनं लावलं आणि वकीलसाहेबांना दोन्ही हातांनी कमरेत धरून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. बाई मनापासून हसल्या. मग त्यांनी पुढे वाकून विचारलं, पण सैल करायला जास्तीचं कापड येतं कुठून?

शिवतानाच आत ठेवलेलं असतं, मुलीनं सांगितलं. बाहेरून दिसत नाही. माणूस पुढे वाढणार हे शिंप्याला आधीच माहीत असतं. बाईंनी त्या कापडाचं नाव विचारलं. इंग्रजी शब्द मुलीला येत नव्हता. मराठी एकच येत होता, आणि तो कापडाचाही होता आणि जिवाभावाचाही. तिनं तोच सांगितला. “माया,” ती म्हणाली, आणि दोन्ही अर्थ सांगू लागली.

पाऊण तासात मास्तरांना कळलेला तेवढा एकच शब्द. पोरगी अडली. मराठीत घसरली.

फोन बंद झाला तशी त्यांनी पँट खाली ठेवली. “अडलीस ना गं? मधेच मराठी बोललीस. ऐकलं मी. पण म्हणून कोणी एवढ्यासाठी—”

“बाबा, त्यांनी वहीत लिहून घेतला तो शब्द.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचंय.”

“छान,” मास्तर म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “छान झालं.” मग चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

त्यांची सगळी पुसापुशी होईपर्यंत मुलगी रिळं डब्यात लावत राहिली.

मास्तर उठले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी कागदात गुंडाळलेलं जाड राखाडी लोकरीचं कापड काढलं. मुलीनं ते कधी पाहिलं नव्हतं.

“हे कधी आणलंत?”

“झाले पंधरा दिवस. तिकडे थंडी असते म्हणे. सरळ उभी राहा.” खांदा, छाती, बाही अशी मापं घेऊन त्यांनी कापड टेबलावर पसरलं आणि खडू हातात घेतला. “बाजूला दोन बोटं माया ठेवतो. तिकडचं खाणं मानवेल तुला.”

“ठेवून काय उपयोग? तिकडे उसवून कोण देणार?” मुलगी हसत म्हणाली. “त्यासाठी मला इथंच यावं लागेल.”

मास्तरांचा हात थांबला. आखलेली रेघ त्यांनी तळव्यानं पुसून टाकली, आणखी एक बोट सोडलं, आणि नवी आखली.